एवढं खटकतं, तर बघता कशाला?

मालिका-सिनेमांत बाईवर उचललेला हात एवढा खटकतो, तर ते बघता कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे तुम्ही काही पहिले नाही. दीर विचारतात, पानावर बसल्यावर, आमटीचा भुरका मारत: "वहिनी, रोज बघायचं आणि रोज चिडायचं, हा कसला उपास?" भाचा पुण्याहून आला की विचारतो, "मामी, नको ना बघू मग. सिंपल आहे." मागे एका आठ मार्चला बचत गटाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. दोनाचे दोनशे झाले, आणि शेवटी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "मॅडम, तुम्ही स्वतःला स्त्रीवादी म्हणता आणि साडेसातची मालिका चुकवत नाही. हे कसं काय?" सगळा हॉल हसला, मीही हसले. उत्तर मात्र धड देता आलं नाही. चहा आला, भेळ आली, विषय गेला.

कराडात आमचं मेडिकल आहे. खाली दुकान, वर घर. दिवसभर मी काउंटरला असते, संध्याकाळी सातला हे येतात आणि मी वर जाते. सासूबाई तोवर टीव्हीसमोर बसलेल्या असतात, मांडीवर शेंगा किंवा मेथी. मीही बसते. निवडणं होतं, बघणं होतं, आणि माझं चिडणंही होतं. "अगं, ती टीव्हीतली आहे," आई म्हणतात, "तू कशाला रक्त आटवतेस?"

एकदा मी मोबाईलमधलं घड्याळ लावून बघितलं. कुणाच्या थोबाडीत मारायला माणसाला किती वेळ लागतो? अर्धा सेकंदसुद्धा नाही. त्या दिवशी मालिकेतल्या नवऱ्याने बायकोच्या थोबाडीत मारली, ती ५३ सेकंद चालली. आधी उगारलेला हात. मग आवाज, आणि चित्र एकदम काळंपांढरं. मग तोच हात डावीकडून, तोच उजवीकडून, तोच वरून, आणि दर खेपेला फटाका फुटल्यासारखा आवाज. मग चेहरे: सासूचा, नणंदेचा, धाकट्या जावेचा, दारात भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या शेजारणीचा, परत सासूचा. मी ११ मोजले. जिला लागलं तिचा चेहरा सगळ्यांत शेवटी. गालावर हात, डोळ्यांत ग्लिसरीन, आणि जाहिरात. दुसऱ्या दिवशी 'मागील भागात' म्हणून परत तेच, दुपारी पुनःप्रक्षेपणात आणखी एकदा. एका थोबाडीत चॅनेलने दोन दिवस काढले. (टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात. मालिकेत हात कधी उचलायचा ते गुरुवार बघून ठरतं, असं माझं मत आहे. पुरावा नाही, पण शेंगा सोलत काढलेली बरीच वर्षं आहेत.)

आता खाली काउंटरवर या.

काउंटरवर एक शब्द नेहमी येतो: "पडले." बाथरूममध्ये पडले, जिन्यावर पडले, गोठ्यात पडले. मलम द्या, दुखण्याच्या गोळ्या द्या. "चिठ्ठी आहे का?" विचारलं की नाही म्हणतात. वीसेक वर्षांत मला एक कळलंय. खरोखर पडलेली बाई पडण्याची गोष्ट सांगते. फरशी कशी ओली होती, साबण कुणी टाकला होता, नातू कसा हसला, शेजारीण कशी धावत आली. बिल होऊन पैसे दिले तरी तिची गोष्ट संपत नाही. दुसरी नुसतं "पडले" म्हणते आणि पर्स उघडते.

मी काही विचारत नाही. विचारलं तर ती पुढच्या वेळी पलीकडच्या दुकानात जाते, हे एकदोनदा विचारून झाल्यावर कळलं. गल्ल्याशेजारी १८१ या महिला हेल्पलाइनचा स्टिकर लावलाय, सुट्टे घेताना नजर जाईल अशा बेताने. त्यापलीकडे माझी मजल नाही.

पण हीच बाई मालिकेबद्दल बोलते. एकीने क्रेप बँडेज घेतलं. चार इंची का सहा इंची यावर आमची चर्चा झाली, आणि नोटा मोजता मोजता ती म्हणाली, "काल बघितलं का, ताई? त्यानं हात उचलला तिच्यावर. आन् ही बया निसती रडत बसली."

"मग काय करायला पाहिजे होतं?"

"भावाला फोन लावायचा की. भाऊ हाय तिचा, पोलिसात हाय."

"भाऊ घेऊन जाईल का पण?"

"न्यायला नेईल. पर वहिनी किती दिवस ठेवून घेईल? पोरांची शाळा हितं." मग जरा थांबून, "तिच्या नावावर काय हाय का बगा घरातलं? कायच न्हाई."

दहा मिनिटं आम्ही बोललो. सगळं 'ती', 'तिचं', 'तिला'. तिच्या नावावर काय आहे हा प्रश्न मालिकेने कधी काढलेलासुद्धा नव्हता. तो त्या बाईने काढला. (तिची ओळख लागू नये म्हणून मी एकदोन गोष्टी बदलल्या आहेत, इंच धरून.)

तर हे माझं उत्तर. मी बघते, कारण आमच्याकडे मार खाल्लेली बाई 'मी' म्हणून बोलत नाही, 'ती' म्हणून बोलते, आणि ही 'ती' राहते टीव्हीत. काल काय झालं हे मला ठाऊक नसेल, तर त्या बाईशी बोलायला माझ्यापाशी शब्दच नाहीत. आणि म्हणूनच चिडते. एवढ्या बायकांच्या वतीने ही जी एक बाई रोज रात्री मार खाते, तिचं पुढे काय करता, इकडे माझं लक्ष असतं.

हे मला काही आधीपासून कळत नव्हतं. कॉलेजात होते तेव्हा आईच्या रडण्याची मी टिंगल करायचे. 'माहेरची साडी' आला १९९१ ला, तेव्हा मी बारा वर्षांची. आई, दोन मावश्या आणि मी. टॉकीजच्या आवारात एसटीने आलेल्या बायकाच बायका, कडेवर पोरं, पिशवीत भाकरी. आत अंधार झाला आणि अर्ध्या तासात सगळं थिएटर मुसमुसायला लागलं. अलका कुबलची लक्ष्मी सोसते आहे, उषा नाडकर्णींची सासू छळते आहे, आणि इकडे पदर भिजताहेत. माझी आई बापाच्या मरणालासुद्धा चारचौघांत रडली नव्हती. ती त्या दिवशी हुंदके देत होती. बाहेर आल्यावर तोंड धुतलं, उसाचा रस प्यायली, आणि म्हणाली, "बरं वाटलं."

त्या 'बरं वाटलं'चा अर्थ लागायला मला माझं लग्न होऊन दहा वर्षं जावी लागली. अंधारात, परक्या बाईच्या नावाने, तिकीट काढून रडायची ती सोय होती. तिच्यावर हसायचा मला काय अधिकार? मूळ गोष्ट तर मराठीही नव्हती, राजस्थानी 'बाई चाली सासरिये'वरून घेतलेली. म्हणजे पदर तिकडेही भिजले होतेच.

पण रडून घरी आल्यावर आईबरोबर एक शब्दही आला: सोशिक. तो आधीही होता, आता त्याला चेहरा मिळाला. "पोरगी अगदी लक्ष्मीसारखी सोशिक आहे" असं पुढे कित्येक स्थळांबद्दल मी ऐकलं. सोशिक वर पाहिजे, अशी जाहिरात मी अजून वाचलेली नाही. लक्ष्मी शेवटी मरते आणि मग सगळ्यांना तिची किंमत कळते. ही बेरीज बारा वर्षांच्या पोरीला बरोबर समजते. सोसत राहा, मेलीस की न्याय मिळेल. मराठी रंगभूमीवर ही बेरीज त्याच्याही आधीची आहे. 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात दारुड्या सुधाकरपायी मूल जातं, सिंधू जाते, आणि तरी तिच्या तोंडी गाणं काय, तर 'कशि या त्यजू पदाला'. नाटक लिहिणारे राम गणेश गडकरी, सिंधू रंगवणारे बालगंधर्व. पतिव्रता कशी असावी हे आमच्या पणज्यांना दोन पुरुषांनी मिळून दाखवलं, आणि पणज्यांनी घरी येऊन बालगंधर्वांसारखं लुगडं नेसायला घेतलं. गाणं सुंदर आहे. अजूनही लागलं की मी हातातलं काम थांबवते. हा माझा दोष समजा.

हिंसा दाखवूच नये असं माझं म्हणणं नाही. हे ठळक सांगते, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं की मी बंदी मागतेय. पडद्यावर कुणी सिगारेट पेटवली की कोपऱ्यात पाटी येते, २०१२ पासून. थोबाडीत मारली की 'मारणे आरोग्यास अपायकारक' अशी पाटी लावावी का? नको. लोक त्या पाटीवर शेंगांची टरफलं टाकतील. माझं बघणं वेगळ्याच गोष्टीकडे असतं. हात पडून गेला, आता कॅमेरा कुणाच्या मागे जातो?

'कबीर सिंग' मी भाच्याबरोबर बघितला, २०१९ मध्ये. तो एकोणीस वर्षांचा होता, इंजिनिअरिंगला. एका प्रसंगात मोलकरणीच्या हातून ग्लास फुटतो आणि नायक तिला मारायला तिच्या मागे रस्त्याने धावतो. ते काम केलंय आपल्या वनिता खरातने. सगळं थिएटर हसलं, भाचाही हसला. घरकाम करणारी बाई जिवाच्या आकांताने पळते आहे, हा विनोद. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने पॉपकॉर्न पुढे केलं.

पुढे कबीर प्रीतीच्या थोबाडीत मारतो, सहा तासांची मुदत देतो आणि निघून जातो. कॅमेरा त्याच्याबरोबर निघून जातो. त्याची नशा, त्याचं बेशुद्ध पडणं, त्याचे मित्र, त्याची आजी. तिकडे प्रीतीचं लग्न लागतं ते आपल्याला तो शुद्धीवर येतो तेव्हा कळतं. एका मुलीच्या मनाविरुद्ध तिचं लग्न लागतंय, ती त्या सहा तासांत काय करत होती, कुणाशी बोलली, जेवली का, काही नाही. तिचं सगळं आयुष्य त्याच्या दुःखातली एक बातमी होऊन येतं.

येताना भाचा म्हणाला, "मामी, पण ते कॅरेक्टरच तसं आहे."

"कॅरेक्टर असू दे तसं. कॅमेरा तसा कशाला?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण तिच्याबरोबर गेला असता तर पिक्चर बोअर झाला असता." या विषयावर मी आजवर ऐकलेल्या उत्तरांमध्ये हे सगळ्यांत प्रामाणिक.

बोअर होत नाही, हे आपल्याला 'सैराट'ने दाखवलं आहे. २०१६ चा उन्हाळा तुम्हालाही आठवत असेल. 'झिंगाट' लागलं की खुर्च्यांवर उभी राहून नाचणारी पोरं. पहिल्या अर्ध्यात आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, दम देते. आपण परश्याच्या प्रेमात पडलेलो असतो, आर्चीइतकेच. आणि मग हैदराबादेत हाच आपला लाडका परश्या संशयाने पेटतो आणि तिच्यावर हात उचलतो. मी होते त्या खेळाला थिएटर गप्प झालं. शिट्टी नाही, टाळी नाही. काळंपांढरं नाही, अकरा चेहरे नाहीत. एक बरा मुलगा, खालच्या जातीचा म्हणून स्वतः मार खाल्लेला, बायकोला मारतो आणि ते आपल्याला नीट दिसतं. कॅमेरा आर्चीपाशी राहतो. ती निघते, गाडीत बसते. मग परत येते. ती परत येते हे मला अजून पटलेलं नाही, त्यावर माझं आणि नणंदेचं आजही भांडण होतं. पण भांडायला आम्हाला आर्ची मिळाली. प्रीतीवरून भांडायचं म्हटलं तरी तिच्याबद्दल काही ठाऊकच नाही.

आणि तो शेवट. आईने पाठवलेल्या भेटी घेऊन माहेरची माणसं दारात येतात. आर्ची चहा टाकते. नागराज मंजुळेंनी पुढचं मारणं दाखवलेलंच नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं पोर परत येतं, आणि आवाज बंद होतो. बंद म्हणजे पार बंद. रडणाऱ्या पोराचं तोंड हलतं पण ऐकू काही येत नाही. फरशीवर छोट्या पावलांचे लाल ठसे. त्या माहेरच्या पिशव्यांकडे बघताना मला १९९१ मधली ती साडी आठवली. त्या थिएटरातून आम्ही रडून मोकळ्या होऊन बाहेर पडलो होतो. इथून कुणालाच मोकळं होता आलं नाही. पार्किंगमध्ये गाड्या सुरू व्हायचेच काय ते आवाज. उसाचा रस प्यायची इच्छा कुणाला झाली नाही.

म्हणजे मी शहाणी आणि बाकीचे वेडे, असं समजू नका. २०१९ मध्ये 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग आला तेव्हा अण्णा नाईकांचा फोटो मी स्वतः व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवला होता. गावावर दहशत, बायकोवर हात, बाहेरख्याली, खुनी. आणि आम्ही सगळ्या शेवंताच्या साडीवर आणि अण्णांच्या मिशीवर फिदा. माधव अभ्यंकरांनी काम तसं केलंच होतं. त्यांची बायको माई मुकाट्याने वाढत असायची, आणि माझी नजर तिच्यावरून घसरून माडीवर कोण गेलं तिकडे जायची. माझ्यातली मोठी स्त्रीवादी तेव्हा मासे निवडत होती.

'देवमाणूस'ने मात्र मला ताळ्यावर आणलं. कारण ते आमच्या जिल्ह्यातलं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये वाईजवळच्या धोमला जमीन खणून मृतदेह बाहेर काढले तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक मेडिकलमध्ये दुसरा विषय नव्हता. आरोपी डॉक्टर म्हणवून घेणारा, आणि ज्यांना मारल्याचा आरोप त्यांत बहुतेक बायका. गिऱ्हाईक इंजेक्शनचं नाव काढायला घाबरायचं. चार वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच प्रकरणाच्या धर्तीवरची मालिका रात्री साडेदहाला सुरू झाली. डॉक्टर देखणा, गोड बोलणारा, आणि मालिकेचा नायकच तो. दर काही आठवड्यांनी एक नवी बाई. तिला काय हवं होतं, ती कुणाची कोण, हे आपल्याला कळतं ते ती फसण्यापुरतं. ती गेली की गेली. दुसऱ्या दिवशी सरू आजीच्या म्हणी चालू. सासूबाई त्या म्हणींवर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या, आणि खरं सांगते, म्हणी होत्याच तशा. पण मला राहून राहून वाटायचं, वाईकडच्या ज्या घरांतली बाई खरोखरच परत आली नाही, त्या घरांत साडेदहाला टीव्ही चालू असतो का. ते लॉकडाऊनचं वर्ष होतं. आमचं दुकान रोज उघडं होतं, आणि "पडले" म्हणणाऱ्या बायकांसोबत आता नवरेही यायचे, मास्क लावून, दोन पावलं मागे उभे. त्या दिवसांत मालिकेवर कुणी बोललं नाही. 'ती'सुद्धा गप्प झाली होती.

"बायकाच बघतात, मग बायकांनाच आवडतं," हे दिरांचं पेटंट वाक्य. आवडतं, कबूल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणून एक असतं. त्याच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरातल्या लोकांना सात कारणं वाचून दाखवली आणि विचारलं, यांपैकी कशासाठी नवऱ्याने बायकोला मारलं तर ते योग्य? निदान एका तरी कारणाला हो म्हणणाऱ्या बायका ४५ टक्के, पुरुष ४४. पुरुषांपेक्षा एक टक्का जास्तच. न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, उलटून बोलणं, अशी ती कारणं. सगळ्यांत जास्त लोकांना पटलेलं कारण कुठलं असेल? सासू-सासऱ्यांचा मान न राखणं. मला ते वाचून साडेसातची मालिका डोळ्यांसमोर आली, अकरा चेहऱ्यांसकट. मालिकेने हे शिकवलं असं मी म्हणत नाही, सर्वेक्षणात तसं काही नाही. पण शिकवलेलं पुसायचे कष्टही तिने घेतलेले नाहीत.

आणि 'न बघता गप्प बसा' म्हणणाऱ्यांना ताराबाई शिंद्यांचं उदाहरण देते. १८८२ साली, टीव्ही तर सोडाच, सिनेमाचाही पत्ता नव्हता तेव्हा, बुलढाण्याच्या या बाईने 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. आपण त्याला बंडखोर निबंध म्हणतो आणि दरवर्षी हार घालतो. त्यात एक प्रेक्षक-वाचक बसली आहे हे विसरतो. 'मनोरमा' नाटक, 'मुक्तामाला', 'स्त्रीचरित्र', तेव्हाचं जे लोकप्रिय होतं त्याची नावं घेऊन तिने झाडाझडती केली. बाई म्हणजे कपटी, बाई म्हणजे अविचारी, हे तुम्ही गोष्टी रचून का सांगता, आणि स्वतःचं का नाही सांगत? हे लिहायला तिने ते सगळं वाचलेलं होतं. तिलाही कुणी विचारलं असेलच, एवढं खटकतं तर वाचता कशाला.

माझी आजी तिच्या तरुणपणी बघितलेल्या एकाच सिनेमाची गोष्ट सांगायची: प्रभातचा 'कुंकू', १९३७. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. आजीला गोष्ट अर्धवटच आठवायची. नीरा झालेली शांता आपटे सवतीच्या वाह्यात पोराला छडीने बडवते तो प्रसंग मात्र ती उठून, हातात लाटणं घेऊन करून दाखवायची. पुढे मी वाचलं की या शांता आपट्यांनी १९३९ मध्ये प्रभातच्या फाटकावर उपोषणसुद्धा केलं होतं, करारावरून. आजीला ते माहीत नव्हतं. तिला लाटणं पुरेसं होतं. आता तुम्ही म्हणाल, तीही हिंसाच की. हो. मी कुठे नाही म्हणतेय?

परवाचं एक सांगते. हे लग्नाला गेले होते म्हणून रात्रीपर्यंत मीच दुकानात. सव्वासातला ती क्रेप बँडेजवाली आली, या वेळी मुलाच्या खोकल्याचं औषध घ्यायला. चिठ्ठी होती. औषध घेतलं, पैसे दिले, तरी घुटमळली. "ताई, रिचार्ज संपलाय टीव्हीचा. आज ती वकिलाकडं जानार हाय म्हनं."

शटर अर्धं खाली घेतलं, स्टूल पुढे केलं. माझा मोबाईल खोकल्याच्या बाटल्यांच्या खोक्याला टेकवून उभा केला आणि आम्ही दोघी काउंटरच्या दोन बाजूंनी वाकून बघायला लागलो. मालिकेतली ती पर्स घेऊन निघालीच होती. दारात नवरा आडवा आला. हात वर गेला. आवाज. काळंपांढरं.

"आता सासू दावतील," बाई म्हणाली. सासू आली. "आता नणंद." नणंद आली. "आता ती भाजीवाली, भवानी." शेजारीणही आली. मग जाहिरात लागली.

तिच्या पिशवीतला मोबाईल वाजायला लागला. तिने काढून नाव बघितलं. पडदा खाली करून काउंटरवर पालथा ठेवला. तो काचेवर थरथरत राहिला, थांबला, परत थरथरला.

"उचला," मी म्हटलं, "अजून वेळ आहे जाहिरातीला."

"वाजूं द्या," ती म्हणाली. "वकिलाकडं जातीया का न्हाई, तेवढं बघून जाते."